अकरा इंच बर्फ

आमच्या साहेबांना सरकारनं कॅनडाला पाठवलं होतं, ही गोष्ट बुलडाण्यात फक्त दोघांना खरी वाटायची. एक खुद्द साहेब आणि दुसरी मी. त्यातही मला पहिली दोन वर्षं तशी खात्री नव्हतीच. बाकी गावाचं मत असं, की हा माणूस सहा महिने मुंबईत मेव्हण्याकडे राहिला आणि येताना बाजारातून एक केसाळ टोपी घेऊन आला.

मी तेव्हा मत्स्यव्यवसायाच्या कचेरीत टायपिस्ट होते. राज्य नवं होतं, त्यामुळे कचेऱ्या, पाट्या, शिक्के सगळं नवं होतं. माझे वडील जानेफळला शाळामास्तर. मॅट्रिक झाल्यावर त्यांनी मला टायपिंगच्या क्लासला घातलं, तेव्हा आमच्या वस्तीतल्या बायका आईला विचारायच्या, "पोरगी मशीनवर बसते म्हणता, मंग शिवते काय?"

कचेरी म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी. माणसं तीन: साहेब, मी आणि सुपडा नावाचा शिपाई. समुद्र कुठल्या कुठे राहिला, जिल्ह्यात नद्या म्हणाव्या तर चार महिने वाहणाऱ्या. तरी मासे होते, तळी होती आणि तळ्यांवर जाळी टाकणारे भोई होते. त्यांच्या संस्था काढायच्या, तळ्यांत मत्स्यबीज सोडायचं, हे साहेबांचं काम. ते ते चोख करायचे. बीजाचे डबे घेऊन एसटीनं थेट जळगाव जामोदपर्यंत जायचे आणि वाटेत दर तासाला पाणी हलवायचे. पण हे सगळं ते डाव्या हातानं केल्यासारखं करायचे. त्यांचं मन होतं बर्फावर.

ते कॅनडाला गेले त्याचीही एक गंमतच होती. प्रशिक्षण खरं उन्हाळ्यातलं होतं, पण फाईल टेबलाटेबलावर मुक्काम करत निघाली आणि साहेब तिथे पोचले ते ऐन डिसेंबरात. तळी सगळी गोठलेली. शिकवणारे लोक पेचात पडले. परत पाठवावं तर एवढ्या लांबून आलेला माणूस. शेवटी त्यांनी साहेबांना एका म्हाताऱ्या कोळ्याच्या हवाली केलं. तो म्हातारा रोज सकाळी त्यांना मोटारीत घालून गोठलेल्या तलावाच्या मधोमध न्यायचा, बर्फाला भोक पाडायचा, दोन बादल्या पालथ्या घालायचा आणि दोघं त्यांवर बसायचे, भोकात दोरी सोडून. चार महिने. साहेबांचं इंग्रजी त्याला कळायचं नाही आणि त्याचं साहेबांना. दिवसाकाठी दोघांत मिळून चार शब्द व्हायचे.

"पण एवढी ओळख माही दुसऱ्या कोणाशी झाली नाही, बाई," साहेब मला सांगायचे. "सख्ख्या भावाशी नाही."

त्या तलावात ट्राऊट नावाचा मासा असतो. साहेब त्याचं वर्णन करायचे तेव्हा सुपडासुद्धा झाडू थांबवून ऐकायचा. थंडगार, काळोख्या, खोल पाण्यात राहणारा, राखी अंगाचा, आणि त्या अंगावर ज्वारीचे दाणे उधळावे तसे फिकट ठिपके. त्याला हातभर काठीनं धरायचं. काठीच्या दोरीला चकचकीत पत्र्याचा चमचा, चमच्याला गळ. चमचा खाली सोडायचा, हळू वर उचलायचा, पुन्हा सोडायचा. बस्स.

"चार महिन्यांत किती धरले, साहेब?" मी एकदा विचारलं.

"म्हाताऱ्यानं लय धरले."

"तुम्ही?"

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. "माहा एक लागला होता. वर येता येता सुटला. पण मासा हे घाई नसलेलं जनावर हाय, बाई. घाई आपल्याले असते."

येताना त्यांनी चार वस्तू आणल्या होत्या. ती हातभर काठी. चमचा. कान झाकणारी केसाळ टोपी, जी ते दिवाळी झाली की डोक्यावर चढवत आणि होळीला उतरवत. आणि बर्फाला भोक पाडायचं गिरमिट. सुतार लाकडाला भोक पाडतो तेच, पण माणसाच्या छातीएवढं उंच, आणि त्याला दोन्ही हातांनी फिरवायचा दांडा. ते कचेरीत साहेबांच्या खुर्चीमागे टांगलेलं असायचं. नवीन माणूस आत आला की आधी त्याच्याकडे बघायचा आणि मग फार नम्रपणे बोलायचा.

पुरावा म्हणून एक फोटोही होता. पण त्यात सगळं पांढरं आणि मध्ये दोन काळे ठिपके. डावा ठिपका मी, असं साहेब म्हणायचे. आमच्या गावातल्या फोटोवाल्यानं तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, "हा धुताना बिघडला."

गिरमिटाला गंज चढू नये म्हणून साहेब दर शनिवारी कचेरीच्या आवारात ते चालवायचे. पातं बर्फाचं, जमीन मुरमाड. दातओठ खात ते दोन-दोन हात खोल भोकं पाडायचे. दोन महिन्यांत आवारात इतकी भोकं झाली, की एका गवळ्याच्या म्हशीचा पाय त्यात अडकला आणि अर्धं गाव तिला काढायला जमलं. त्यानंतर झाडं लावण्याच्या सरकारी सप्ताहात साहेबांनी त्या सगळ्या भोकांत कडुनिंब लावले, आणि वृक्षारोपणात जिल्ह्यात सर्वांत आधी खड्डे तयार ठेवल्याबद्दल आमच्या कचेरीला शाबासकीचं पत्र आलं.

घरी तर आणखी पुढची पायरी होती. घर भाड्याचं होतं, पण मागे मोठा हौद. पाणी स्वच्छ राहावं म्हणून काकूंनी, म्हणजे साहेबांच्या बायकोनं, त्यात एक मरळ मासा सोडला होता. साहेबांनी हौदावर जुनं दार टाकलं, दाराला गिरमिटानं भोक पाडलं आणि थंडीच्या दिवसांत रोज सकाळी पालथ्या डब्यावर बसून ते त्या भोकातून चमचा सोडू लागले. मरळ महिन्यातून दोनदा तरी लागायचा. एकच मासा, पुन्हा पुन्हा. साहेब त्याला हलकेच सोडवायचे आणि परत पाण्यात टाकायचे.

"त्या मुक्या जिवाले तरी सुखानं जगू द्या," काकू म्हणायच्या. मला चहा देताना त्यांनी एकदा विचारलं, "बाई, तुमी शिकलेल्या. तठी कॅनडात बायाइले काही कामं नसतेत का? माणसं असे दिवसभर तळ्यावर बसून राह्यतेत तर त्याइले कोणी हाका नाही मारत?"

साहेब भोकातून नजर न काढता म्हणाले, "ऐकू नाही येत. कानावर टोपी असते."

बर्फावर चालायला शिकल्यामुळे ते जमिनीवर चालायचं जरा विसरले होते. तिथे पहिल्याच आठवड्यात त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला होता म्हणे. तेव्हापासून छत्रीच्या टोकानं ठोकून पाहिल्याशिवाय ते पाऊल टाकत नसत. कचेरीत शिरताना फरशी ठोकायचे. एसटीत चढताना पायरी ठोकायचे आणि कंडक्टर म्हणायचा, "चढा साहेब, पक्की हाय." म्हाताऱ्यानं त्यांना एक हिशोब शिकवला होता, तो ते कोणालाही ऐकवायचे: चार इंच बर्फ माणूस पेलते, बारा इंच मोटर. आणि त्याच्या जोडीनं दुसरी शिकवण, की बर्फावर माणसांनी कधी घोळक्यानं उभं राहू नये. त्यामुळे जिथे चार माणसं जमली तिथे साहेब अस्वस्थ व्हायचे. झेंडावंदनाला, लग्नात, एकदा तर एका बड्या माणसाच्या तेराव्याला पंगत बसली असताना ते हळूच म्हणाले, "जरा पांगा. एका ठिकाणी वजन नका देऊ."

फाल्गुनात एकदा गारपीट झाली. सगळे आत पळाले, साहेब फूटपट्टी घेऊन बाहेर पळाले. परत आले तेव्हा कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं आणि चेहरा पडलेला.

"किती भरला, साहेब?" सुपडानं विचारलं.

"पाऊण इंच," साहेब म्हणाले. "कोंबडी नाही पेलत."

असं सगळं आमचं बरं चाललं होतं. मग वरून हुकूम आला, की आता कारभार मराठीत करायचा आणि मागचे महत्त्वाचे अहवालही मराठीत करून पाठवायचे. साहेबांचा कॅनडाचा अहवाल इंग्रजीत होता. इंग्रजीत होता तोवर तो कोणी वाचला नव्हता. साहेबांनी सांगितलं, मी तो मराठीत टाईप केला, वर पाठवला आणि पहिल्यांदाच कोणीतरी तो वाचला.

पंधरा दिवसांत पत्र आलं. त्यातला मजकूर मला अजून पाठ आहे, कारण मी तो सुपडाला तीन वेळा वाचून दाखवला होता. "अहवालाच्या परिच्छेद सातमध्ये मोटार तलावाच्या मधोमध उभी केल्याचे नमूद आहे. मोटार बुडाली किंवा कसे? बुडाली असल्यास ती कोणाच्या मालकीची होती? बुडाली नसल्यास का बुडाली नाही? खुलासा सात दिवसांत सादर करावा."

साहेबांनी उत्तर सांगितलं, "मोटार बुडाली नाही. पाणी घट्ट होते."

"गोठलेले असं लिहू का, साहेब?"

"घट्टच लिहा. गोठलेलं म्हटलं की लोकाइले तूप आठवते."

त्यावर उलट पत्र आलं: "घट्ट पाण्याची व्याख्या द्यावी." आम्ही व्याख्या दिली. साहेबांनी त्यात चार इंच माणूस, बारा इंच मोटर हेही घातलं आणि सोबत पुरावा म्हणून फोटो जोडला. फोटो परत आला. त्याच्या मागे लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, "कोरा कागद का जोडला?"

इथपर्यंत आम्ही हसत होतो. पुढचं पत्र आलं त्या दिवशी नाही हसलो. वरच्या कचेरीतले मोठे साहेब स्वतः तपासणीला येणार होते. परिच्छेद सातचा पुरावा मिळाला नाही, तर परदेशी प्रशिक्षण घेतलंच नाही असं धरलं जाईल, खोटं विधान केल्याची नोंद सेवापुस्तकात होईल आणि पुढे नोकरीचं काय ते पाहिलं जाईल, असं लिहिलं होतं. साहेबांच्या नोकरीला तेव्हा वीस वर्षं होत आली होती. दोन मुली लग्नाच्या होत्या. काकूंनी त्या दिवशी मला चहा दिला, पण स्वतः घेतला नाही.

साहेबांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "मी खोटा ठरलो तर ठरलो, बाई. त्याचं एवढं काही नाही. पण हे त्या म्हाताऱ्याले पण खोटं ठरवून राह्यले. तो बिचारा तठी बसला असंल बादलीवर, त्याले पत्तासुद्धा नाही की अठी आपल्यावर चौकशी बसली."

दुसऱ्या दिवशी ते रजा टाकून खामगावला गेले. तिथे त्यांचा एक शाळासोबती बर्फाचा कारखाना चालवायचा. परत आले ते ताठ मानेनं. "बाई, मोठ्या साहेबाले पत्र टाका. लिहा, पुराव्यासाठी देऊळघाटच्या तळ्यावर यावे. येताना गरम कपडे आणावेत."

डिसेंबरातली ती सकाळ अजून आठवते. बुलडाणा घाटावर, त्यामुळे थंडी चांगलीच झोंबत होती, पण तळ्याचं पाणी आपलं नेहमीसारखं पातळ. उजाडता उजाडता खामगावचा ट्रक आला. लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेल्या बारा लाद्या. एकेक लादी उभी केली तर माणसाच्या कमरेच्या वर येईल आणि चौघांनी धरावी एवढी जड. भोई लोकांनी त्या पाण्यात उतरवल्या, तीन ओळींत चार-चार अशा शेजारी शेजारी लावल्या, वरून बांबू आडवे टाकून दोरखंडानं करकचून बांधल्या. पाण्यावर एक पांढरी, धूर निघणारी बाजच तयार झाली. गावातले लोक काठावर येऊन उभे राहिले. पाण्यावर पाणी तरंगतं आहे, हे त्यांतल्या पुष्कळांनी पहिल्यांदाच पाहिलं. साहेबांनी सगळ्यांना पांगायला सांगितलं. लोक कोरड्या जमिनीवर होते, पण पांगले.

साहेबांनी फूटपट्टी लावली. "अकरा इंच," ते म्हणाले. "माणूस पेलेल. मोटर नाही पेलणार."

मोठे साहेब जीपनं आले. अंगानं भरभक्कम, गळ्यात मफलर, हातात आमची फाईल. ते काही अडाणी नव्हते. मला म्हणाले, "बाई, बर्फ होतो हे मलाही ठाऊक आहे. पण कागदावर जे विधान केलं त्याला पुरावा पाहिजे. उद्या कोणी लिहील, झाडावर बैलगाडी उभी केली." त्यांचंही चूक नव्हतं.

साहेबांनी टोपीचे कान खाली ओढले, छत्रीनं लादी ठोकली आणि पाऊल टाकलं. बाज जराशी दबली आणि थांबली. कोणीतरी हात जोडले. साहेब मधोमध गेले, गिरमिट टेकवलं आणि फिरवायला लागले. इतकी वर्षं मुरूम खाल्लेलं ते पातं बर्फात लोण्यासारखं उतरलं. पांढरा भुगा उडून त्यांच्या मिशांवर बसला. भोकातून पाणी बुडबुडलं तेव्हा त्यांनी काठाकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की मी पदर छातीशी घट्ट धरला. तो माणूस खरंच गेला होता कॅनडाला.

डबा पालथा घातला. बसले. चमचा सोडला. दोन भोई बांबूनं बाजेला किंचित आत ढकलून छातीभर पाण्यात उभे राहिले.

पाव तास गेला. मोठे साहेब काठावरून म्हणाले, "आता पुढे काय?"

"आता बसायचं, साहेब."

"किती वेळ?"

"तसं ठरलेलं नसते. मी चार महिने बसलो होतो."

मोठ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. लोकांनी विड्या पेटवल्या. गिरजाबाई म्हणून एक भोईण होती, देऊळघाटच्या संस्थेतली सगळ्यांत बोलकी बाई. तिनं सकाळी धरलेल्या माशांची टोपली शेजारी ठेवली होती. ती मला म्हणाली, "बाई, आमच्या माणसानं एवढ्या वेळात दोन टोपल्या भरल्या असत्या. तुमच्या साहेबाले जाळं नाही देत का सरकार?"

तेवढ्यात काठी वाकली. साहेब एकदम पुढे झुकले. "लागला," ते हळूच म्हणाले, पण तळ्यावर सगळ्यांना ऐकू गेलं. काठी थरथरत होती. मोठे साहेब फाईल सुपडाच्या हातात देऊन तरातरा पाण्याकडे निघाले.

"काय लागलं? मला बघू द्या. मला स्वतः पाहिलं पाहिजे."

"साहेब, तुम्ही नका येऊ," आमचे साहेब भोकातून नजर न काढता म्हणाले. "दोघाइचं नाही पेलणार."

"म्हणजे? मी काय मोटार आहे?"

"तसं नाही साहेब. पण बर्फाच्या हिशोबानं..."

मोठे साहेब तोवर बूट काढून, पँट दुमडून पाण्यात शिरले होते. भोयांनी घाबरून बाज काठाकडे ओढली. मोठ्या साहेबांनी एक पाय लादीवर ठेवला, मग दुसरा. ते सरळ उभे राहिले. मी मनात मोजलं, एक, दोन, तीन, चार, पाच. पाचव्याला ती कड खाली गेली, समोरची वर आली आणि मोठे साहेब अगदी सावकाश, उभ्या उभ्या, ताटातून कढी ओघळावी तसे पाण्यात उतरले. त्यांच्यामागून डबा गेला. डब्यामागून आमचे साहेब गेले, काठी मात्र हातात धरून.

पाणी कमरेएवढंच होतं, पण त्यात बारा लाद्यांचा गारवा उतरला होता. मोठे साहेब उभे राहिले. बोलायला तोंड उघडलं, पण दात वाजत होते. आमचे साहेब टोपीसकट वर आले आणि त्यांनी सवयीनं आधी काठी हलकेच ओढली. त्याबरोबर मोठ्या साहेबांचा कोट मागून उचलला गेला. मासा केव्हाच सुटला होता आणि चमच्याचा गळ कोटाच्या शेपटीत रुतला होता.

आमच्या साहेबांनी दोरीकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "ओढू का, साहेब?"

सुपडा फाईल तोंडावर धरून खाली बसला. काठावरच्या माणसांनी माना फिरवल्या, पण त्यांच्या पाठी हलत होत्या. मी सरकारी नोकर, मला हसता येत नव्हतं. मी डोळ्यांत गेलेला भुसा काढत राहिले.

शेकोटी पेटवली. मोठे साहेब गिरजाबाईच्या गोधडीत गुंडाळून बसले. दोन पेले चहा झाला, तिसरा हातात आला. आता आपलं काय होतंय म्हणून काकू लांब बाभळीखाली उभ्या होत्या, डोक्यावरचा पदर पुन्हा पुन्हा सारखा करत. आमचे साहेब ओल्या टोपीनंच समोर उभे.

"मी चढेपर्यंत पेलत होतं ना?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"होय साहेब."

"आणि मी चढल्यावर?"

"पाच आकडे पेललं, साहेब," मी म्हणाले. "मी मोजले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता माझीही चौकशी. पण त्यांनी फाईल मागितली आणि गोधडीतून एक हात बाहेर काढून तिथेच शेरा लिहिला. मी तो नंतर टाईप केला: "प्रत्यक्ष पाहणी केली. मी स्वतः बर्फावर उभा राहिलो. बर्फ एका अधिकाऱ्याचे वजन पेलतो, दोन अधिकाऱ्यांचे पेलत नाही. प्रशिक्षण झाल्याचे मान्य. मोटारीबाबतचा आक्षेप कायम."

काकूंना मी तो मजकूर जाऊन सांगितला, तशा त्या बाभळीखालीच बसल्या. मग मला म्हणाल्या, "म्हणजे खरंच बसत होते हो, तठी."

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती. साहेबांना तशीच संपलेली आवडली असती. पण बर्फ उरला होता. जीप गेली, लोक पांगले, आणि लाद्या तळ्याच्या काठाशी हळूहळू पाझरत पडल्या.

गिरजाबाई कमरेवर हात ठेवून त्या बघत होती. "साहेब, याचं आता काय करता?"

"काय करायचं. न्या तुमाले पाहिजे तर."

तिनं दगडानं एक कोपरा फोडला, सकाळच्या माशांवर ते तुकडे पसरले, वर भुसा आणि गोणपाट टाकलं आणि टोपली डोक्यावर घेऊन निघाली. एरवी देऊळघाटचा मासा दुपारच्या आत विकावा लागायचा. उन्हं चढली की त्याच्याकडे माशांशिवाय, म्हणजे उडणाऱ्या माश्यांशिवाय, कोणी फिरकायचं नाही. त्या दिवशी ती बुलडाण्यात न थांबता एसटीनं चिखलीच्या बाजाराला गेली, आणि दिवेलागणीला टोपली रिकामी करून परत आली. दुसऱ्या आठवड्यात ती आणि संस्थेची चार माणसं आमच्या कचेरीत आली. गिरमिटाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"साहेब, ते बर्फ पुन्हा पाहिजे. बसायले नाही."

साहेबांनी काम चोख करायचं म्हणून तेही केलं. शाळासोबत्याला पत्रं लिहिली, ट्रकचे दिवस ठरवले, भुसा भरलेल्या लाकडी पेट्या सुतारांकडून करवून घेतल्या. दोन वर्षांत जिल्ह्यातल्या तळ्यांचा मासा मलकापूरच्या स्टेशनवर जाऊन आगगाडीत बसायला लागला. वरून कौतुकाची पत्रं आली. "परदेशी प्रशिक्षणाचा स्थानिक परिस्थितीत केलेला उपयोग" असा मथळा देऊन त्यांचं नाव बढतीसाठी गेलं. मुलींची लग्नं झाली, त्यात लोक अगदी खेटून बसले आणि साहेब कोपऱ्यात छत्री घेऊन उभे राहिले.

बदलीच्या आधी देऊळघाटच्या संस्थेनं त्यांचा सत्कार ठेवला. हार, नारळ, शाल. सगळे म्हणाले, साहेबांनी कॅनडाहून बर्फ आणला आणि आमच्या घरात भाकर आली. साहेब बोलायला उभे राहिले. मी पुढच्याच सतरंजीवर बसले होते. त्यांचा चेहरा हौदावर मरळ निसटल्यावर व्हायचा तसा होता.

"मी बर्फातून मासा काढायले शिकून आलो होतो," ते म्हणाले. "तुमी माशातच बर्फ घातला." आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ती स्तुती वाटली.

शेवटच्या दिवशी कचेरी आवरून झाल्यावर त्यांनी मला एक पत्र घ्यायला बसवलं. म्हाताऱ्याला. ते मराठीत सांगणार, मी इंग्रजीत करणार. त्यांनी सगळं सांगितलं: ट्रक, लाद्या, भोकातून वर आलेलं पाणी, मोठ्या साहेबांचा कोट. चमच्याची चमक अजून तशीच आहे हेही सांगितलं. मी वाट पाहत होते, पण पेट्यांचं, मलकापूरचं, सत्काराचं काही येईना.

"साहेब, माशांवर बर्फ घालतात ते नाही लिहायचं? खरं मोठं काम तर तेच झालं."

"तो साधा माणूस हाय, बाई. चार महिने त्यानं मले जवळ बसवून घेतलं. मी त्याच्यापासून पेटी भरायचं शिकून आलो असं त्याले वाटलं, तर बरं नाही दिसणार."

"मग शेवट काय करू?"

त्यांनी टोपी हातात घेतली, तिच्यावरचा भुसा झटकला.

"लिहा, मासा सुटला," ते म्हणाले. "पण बसलो बरोबर."